हॉब्सची सिंफनी, सरळ क्रमानं

ही गोष्ट मिरजेची, दोन हजार एकोणीस सालची. वैशाखातली दुपार. करुणाबाई शिरसाट जेवून पलंगावर आडव्या झाल्या आहेत आणि उशाशी भाचीनं अमेरिकेहून पाठवलेली सीडी चालू आहे. एल्मर हॉब्स नावाच्या, त्याच्या देशातही विसरल्या गेलेल्या माणसाची सिंफनी. तिकडच्या कुणा चिकाटीच्या माणसानं जुन्या तबकड्या शोधून, त्यांची खरखर काढून ती पुन्हा ऐकण्याजोगी केली आहे.

पंख्याची घरघर लांब जाते. पापण्या मिटतात. पायाशी कुणीतरी बसतं.

"सरक जरा," त्यांचे यजमान इम्मानुएल म्हणतात.

त्यांना जाऊन वीस वर्षं झाली, तरी सदऱ्याला औषधांचा वास तोच. मिशन हॉस्पिटलात ते कंपाउंडर होते. मायदेशी निघालेल्या एका अमेरिकन डॉक्टरानं याच सिंफनीच्या तबकड्या त्यांना भेट दिल्या होत्या. इम्मानुएलनी त्या हौसेनं गावातल्या श्रोते मंडळात वाजवल्या आणि मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब गद्रे भर बैठकीत म्हणाले, "शिरसाट, तुमची ही सिंफनीबाई आधी म्हातारी होते, मग तिला हळद लागते, मग पाळण्यात जाते!" मंडळी पोट धरून हसली. इम्मानुएल त्यानंतर मंडळाची पायरी चढले नाहीत.

"ऐकलंत ना?" करुणाबाई विचारतात.

"ऐकलं. बासरीवाला श्वास घेतो तोसुद्धा कळतो गं."

"अहो, एक सांगायचंय. रागावू नका."

"मेलेला माणूस कुणावर रागावणार? बोल."

पलंग आता मंडळाच्या दिवाणखान्यात आहे. पुढे लोडांना टेकलेल्या पाठीच पाठी.

"सीडीबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलंय. तिकडे यंत्रावर तबकड्यांची चळत लावली की एकेक आपोआप पडून वाजायची. मग सगळी चळत उलटायची. म्हणून पहिल्या भागाच्या पाठीवर दुसरा नव्हता, शेवटचा होता. लेबलं ओलीनं पुसलेली. आपण आपल्या चावीच्या ग्रामोफोनवर एकेक तबकडी उलटून वाजवत राहिलो."

"म्हणजे पहिल्यानंतर थेट शेवट?"

"हो."

पाठी नाहीशा होतात. फिनेलनं पुसलेला हॉस्पिटलचा लांब व्हरांडा, आणि दोघं त्याच पलंगावर.

"म्हणजे हॉब्सचं काहीच चुकलं नव्हतं," इम्मानुएल सावकाश म्हणतात. "चुकलं माझं."

"मला ही मंडळात लावायची होती. पण क्रम कुणी बिघडवला ते सांगितल्याशिवाय कोण ऐकून घेणार? गद्रे अजून अध्यक्ष आहेत. तुम्हाला पुन्हा हसतील. मेल्यावर तरी नको. मी नाही लावत."

"नाही लावत?" ते ताडकन उठतात. "अगं, त्या बिचाऱ्यानं जीव ओतून लिहिलं आणि माझ्यापायी मिरजेत त्याचं हसं झालं! माझं नाव घेऊन सांग. मोठ्यानं सांग."

"आणि तुमचं हसं?"

"होऊ दे! आणि अण्णाला हेही सांग, उलटीपालटी वाजली तरी माझे डोळे भरून यायचे. तुला सरळ वाजलेली तरी झेपते का ते बघू म्हणावं."

करुणाबाईंना हसू फुटतं. इम्मानुएल त्यांच्या मांडीवर एक जड तबकडी ठेवतात. "पूस आधी. किती धूळ ही!"

त्या पदरानं पुसतात. पुसता पुसता व्हरांड्यात ऊन भरतं, ते तोंडावर येतं, आणि त्या जाग्या होतात. सीडी संपलेली आहे. मांडीवर काही नाही. पदराच्या टोकाला मात्र चंद्रकोरीसारखा काळा डाग आहे, बोटानं चोळला तर बोटाला लागणारा.

पुढच्याच बैठकीत करुणाबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी नवऱ्याचं नाव घेऊन सगळं सांगितलं. मंडळी हसली. त्या हसू संपेपर्यंत थांबल्या आणि मगच सिंफनी लावली. मधून कुणी उठलं नाही.

अण्णासाहेब पुढल्या वर्षी गेले. क्रम चुकल्याचं आपण तेव्हाच ओळखलं होतं, असं ते शेवटपर्यंत ऐकवत राहिले. इम्मानुएल पुन्हा स्वप्नात आले नाहीत. हॉब्स अमेरिकेत अजूनही फारसा कुणाला ठाऊक नाही. मिरजेत ठाऊक आहे. करुणाबाईंना हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे घरात सिंफनी दणाणून लागते. आवाज कमी करा म्हणून शेजारी दार वाजवतात. त्या खुर्ची पुढे सरकवतात आणि म्हणतात, "बसा. दुसरा भाग चाललाय."