सिस्टरने सांगितलं म्हटल्यावर

आमच्या कॉलनीत विमल सिस्टरच्या दाराला दिवसा कडी नसायची. गंगापूर रोडवरच्या एका खाजगी दवाखान्यात ती नर्स होती, आणि सायखेड्याकडचे आमचे लोक एसटीतून उतरले की आधी तिच्याकडे यायचे, मग डॉक्टरकडे. नवऱ्यालाही न सांगितलेलं बायका तिला सांगायच्या. मी तिची शेजारीण, शाळेत बाई. मला कोणी काही सांगत नसे. माझ्या तोंडाचा लौकिकच तसा होता.

१९९४ साली सायखेड्याच्या भागीबाईची ज्योत्स्ना आकडी येऊन दवाखान्यात भरती झाली. पोरगी जेमतेम अठराची. घरी निघताना भागीबाईने सिस्टरचे हात धरले. "बाई, हे तुमच्या-माझ्यात ऱ्हाऊ द्या. पोरीचं लगीन व्हायचं हाय." सिस्टरने मान हलवली. पुढे ज्योत्स्ना दर महिन्याला औषध न्यायला यायची, सिस्टरकडेच जेवायची. सिस्टरला नवरा नव्हता, मूल नव्हतं. पोरीत तिचा जीव गुंतला होता.

दोन वर्षांनी ज्योत्स्नाला येवल्याचं स्थळ आलं. आता आपल्याकडे बोलणी पक्की करण्याआधी मुलाकडचे गुपचूप चौकशी करतातच. मुलाची आत्या सिस्टरकडे आली. चहाला मीही होते. सिस्टर पोरीचं कौतुक करताना थांबेना. कामाला वाघ आहे, बारावी पास आहे, कुणाला उलटून बोलत नाही. "आणि इतकी शिस्तीची, की दोन वर्षांत एकदाही गोळी चुकवली नाही!"

"कसली गोळी?" आत्याने विचारलं.

मी डोळे वटारले, पण सिस्टरचं लक्षच नव्हतं. विषय बदलायचा सोडून ती समजावून सांगायला बसली. हा आजार म्हणजे शाप नाही, गोळीने ताब्यात राहतो, अशा मुलींचे संसार होतात, लेकरं होतात. सगळं खरं होतं. पण ते सांगायचा तिला काडीचा अधिकार नव्हता. सांगायचं तर भागीबाईने सांगितलं असतं, तिला वाटलं तेव्हा. आत्याने मान डोलवत बशीतला चहा संपवला. आठवड्याभरात स्थळ मोडलं.

दुसरं आलंच नाही. भागीबाई एकदाच आली, उंबऱ्याबाहेर उभी राहिली. "दुसऱ्या कोनी सांगितलं आसतं तर आम्ही खोटं म्हनलो आसतो. सिस्टरनं सांगितलं म्हनल्यावर आम्ही काय बोलनार?" तिने शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. ज्योत्स्ना पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढली नाही.

तक्रार कुणी केली नाही. डॉक्टरांना पत्ताही नव्हता. पण आमच्याकडच्या बायका सिस्टर खाटेजवळ आली की "बरं हाय" एवढंच म्हणू लागल्या. एका बाळंतिणीच्या अंगावरून खूप जात होतं, तरी ती सिस्टरला "बरं हाय" म्हणत राहिली. ड्युटी बदलल्यावर नव्या नर्सला तिने रडत रडत सांगितलं. बाई वाचली. सिस्टरने दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन थिएटरची ड्युटी मागून घेतली.

"तिथं पेशंट झोपलेले असतात, झुंबर," ती मला म्हणाली. "मला कुणी काही सांगायचं नाही."

रिटायर होईपर्यंत ती तिथेच राहिली. विहारात पौर्णिमेला यायची, मागे बसायची, खीर न घेताच निघायची. दाराला आता कायम कडी असे. मला तिचा रागही यायचा आणि दयाही यायची. दोन्ही एकदम आलं की मी भाजीची वाटी घेऊन तिच्याकडे जायचे.

२००७ साली ती अंगाने झडू लागली. काय होतंय विचारलं की म्हणायची, "बरं आहे." शेवटी मीच तिला ओढून रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण नर्सने विचारलं, "काय त्रास होतोय, मावशी?"

सिस्टर नुसती माझ्याकडे बघत राहिली.

"अगं, सांग की," मी चिडले. "मी काय तुझं वाईट चिंतणार आहे का?"

"नाही गं," ती म्हणाली. "मी तरी ज्योत्स्नाचं कुठे चिंतलं होतं?"

मला फार लागलं ते. इतक्या वर्षांचा शेजार. पण मी उठले, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.