तीनशे वर्षांपूर्वीचा गुलाबी रंग

टीव्हीच्या मालिकेत दिसणार म्हणून मी आमचं घर गुलाबी ऑईलपेंटनं रंगवून काढलं होतं. जसं आहे तसंच हवं म्हणून मालिकावाल्यांनी ते निवडलं असताना. परवा नातीनं फोनवर तो जुना भाग शोधला आणि "आजी, यात आपलं घर कुठंय?" असं विचारून विचारून माझं डोकं खाल्लं. आपलं घर त्यात नाही, बाई. का नाही, ते एकदाच लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको.

नेरूळच्या या सोसायटीत आम्ही नंतर आलो. तेव्हा करावे गावातच होतो. मालिका विनोदी होती. एक विसरभोळा शास्त्रज्ञ, त्याचा मेहुणा आणि त्यांचा स्वयंपाकी असे तिघं एका लोखंडी कपाटात बसून जुन्या काळात जायचे. एक गोष्ट दुरुस्त करायला निघायचे आणि चार बिघडवून यायचे. माझ्या सासूबाई दर आठवड्याला टीव्हीसमोर फतकल मारून तिघांना शिव्या घालायच्या. "मेल्यांनो, कपाटाचं दार तरी लावा."

तर या तिघांना तीनशे वर्षांपूर्वीच्या खाडीकाठच्या गावात उतरायचं होतं. युनिटचा माणूस गल्ल्या पालथ्या घालत आमच्या दारात आला. मातीच्या भिंती, सारवलेली ओटी, खुंटीला मासे धरायचा पाग. तो तिथंच हरखला. वर सासूबाईंचं तोंड ऐकून त्यानं त्यांनाच काम दिलं. कपाट त्यांच्या सुकत घातलेल्या जवळ्यावर, म्हणजे त्या बारीक कोलंबीवर, येऊन आदळणार आणि त्या म्हणणार, "कोन रं तुमी? माझ्या जवल्यावरून कपाट उचला आधी." एवढंच.

पण ते एवढंच नव्हतं. सासूबाईंनी उमर मासळी विकण्यात घालवली होती. मला म्हणाल्या, "जल्मभर लोकांनी माझ्या पाटीत बघितलं. आता जरा तोंडाकडं बघूदे." आठवडाभर त्यांनी ते वाक्य दिसेल त्याच्यावर घासलं. गॅसवाला "कोन रं तू?" ऐकून सिलिंडर बाहेरच ठेवून गेला.

जाताना युनिटचा माणूस मला बजावून गेला होता, "वहिनी, काही म्हणजे काही करू नका. आहे तसंच राहू द्या."

आता माझं माहेर पनवेलचं. आमच्याकडे पाहुणा आला की पहिलं वाक्य हेच, काही करू नका हं. आणि जी सून खरंच काही करत नाही, तिचं नाव पुढच्या चार लग्नांत निघतं. मी दहावी पास, वर चांगल्या वळणाची. माणूस भिडेपोटी बोलतोय, हे मी तेव्हाच ओळखलं. काय ती हुशारी. आज तेव्हाच्या मला समोर बसवून दोन ठेवून द्याव्यात असं वाटतं.

शूटिंगच्या आदल्या दिवशी सासूबाई उलव्याला लेकीकडे गेल्या, तिच्याकडचं जुनं लुगडं आणायला. मी ब्रश घेतला. भिंती गुलाबी. ओटीवर फुलाफुलांचं लिनोलियम. पाग माळ्यावर आणि खुंटीला प्लास्टिकची वेल. आमचे हे म्हणाले, "अगं, पण तो नको म्हणाला ना?" मी म्हणाले, "तुम्हाला माणसांतलं काही कळत नाही." संध्याकाळी सासूबाई परतल्या तेव्हा शेवटची भिंत ओली होती. त्यांना वाटलं, शिकलेली सून आहे, तिला युनिटवाल्यांनीच तसं सांगितलं असेल.

सकाळी दिग्दर्शक दारात आला आणि पायरीवरच बसला.

"ताई, हे काय?"

"छे हो, त्यात कसला त्रास," मी म्हणाले. मला वाटलं, कौतुक करतोय.

"तीनशे वर्षांपूर्वी हा रंग?"

मग माझी ट्यूब पेटली. तरी मी भांडले. म्हटलं, तुमचं कपाट दर वेळी चुकतंच, आणखी एकदा चुकू दे. तो हसलासुद्धा नाही.

शूटिंग तीन घरं सोडून झालं. त्या घरची सून आळशी म्हणून गावभर प्रसिद्ध, त्यामुळे तिथं सगळं जसंच्या तसं होतं. आमच्या सासूबाईंना तिकडे बसवू असं युनिटवाले म्हणाले, तर ती सून ठसक्यात म्हणाली, "माझ्या दारात तिची सासू? आमची म्हातारी काय मेलीय?" वाक्य त्या म्हातारीला गेलं. ती दर वेळी जवळा विसरायची. आणि आमच्या सासूबाई त्या जुन्या लुगड्यात, बघ्यांच्या गर्दीत, दोरीच्या अलीकडे उभ्या. आवाज नाही, नुसते ओठ हलत होते. प्रत्येक शब्दाला.

तो भाग लागला त्या दिवशी टीव्ही आमचाच मोठा म्हणून अख्खी गल्ली आमच्याकडे. मागे ती गुलाबी भिंत. म्हातारीनं कपाट उचलायला सांगितलं, सगळे हसले, सासूबाईही हसल्या. लोक पांगल्यावर मी चहाचे कप गोळा करत होते, मान खाली घालून. सासूबाई टीव्हीकडे बघतच म्हणाल्या,

"सुने, ते कपाट खरंच मिललं ना, तं मी कंच्या राजाच्या काळात नाय जायची. मी उलव्याला गेले ना, त्याच दुपारी परत येईन. तुझ्या हातातला बुरूश काढून घेईन, चायचा कप देईन आनि सांगेन, बस गो जरा."