साडूंनी खाल्लेला मंगळवार

चालती वस्तू बंद पाडायला जी अक्कल लागते, ती देवानं उभ्या मराठवाड्याला मिळून जेवढी दिली तेवढीच एकट्या माझ्या थोरल्या साडूंना दिली आहे. बिघडलेल्या वस्तूकडं ते ढुंकून बघत नाहीत, पण चांगली चाललेली दिसली की त्यांना राहवत नाही. आमच्या घरचा पंखा त्यांनी असाच जेवण होईस्तोवर सुधारला, तर तो वारा द्यायचा सोडून मागं ओढायला लागला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "पाव्हणं, चुलीपाशी टांगा. धूर बाहेर जाईल." टांगला, आणि धूर गेला की बाहेर! आता अशा माणसाला काय बोलणार? त्यात ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे मालक. त्यांना उणा शब्द बोलायचा तर चूल स्वतः पेटवायची तयारी पाहिजे, आणि मला भाकरी थापता येत नाही.

दुसरं वेड घड्याळ पुढं ठेवायचं. एस.टी. चुकू नये म्हणून दहा-वीस मिनिटं आपण सगळेच पुढं ठेवतो. साडूंचं तेवढ्यावर भागत नाही. बैठकीतलं घड्याळ अर्धा तास पुढं, स्वयंपाकघरातलं चांगलं एक तास, कारण "तुमच्या अक्का जरा सावकाश हायत." कॅलेंडरचं पानसुद्धा पंचवीस तारखेलाच उलटायचं. या घाईपायी एकदा अजिंठ्याच्या लग्नाला आम्ही दोन जोडपी एक दिवस आधीच जाऊन बसलो. नवरी अजून शेतात होती. तिच्या बापानं आम्हाला रामराम घातला आणि लसणाची पाटी पुढ्यात सरकवली. साडू लसूण सोलत मला विचारतात, "उशीर तर नाय ना झाला?"

तर ती दुष्काळाची सालं होती, एकामागं एक. शहर मात्र पाणी नसतानाच वाढत होतं. शहराच्या कडेला, पडेगावला जिथं माझ्या बापाची मेंढरं बसायची तिथं कॉलन्या बसल्या, नळ तेवढे यायचे राहिले. मग मी दोन टँकर घेतले, ऑफिस टाकलं. दुसरीतनं शाळा सोडलेल्या माणसानं ऑफिसात कॉम्प्युटर मांडला, हे मी जाता जाता सांगून ठेवतो. सुनेनं त्यात साऱ्यांच्या पाळ्या भरल्या. आठ दिवसांतून एकदा पाणी, ज्याचा जो वार तो वार. सकाळी बटण दाबलं की त्या दिवसाची यादी बाहेर. वशिला नाय, भांडण नाय.

साडू रोज येऊन त्या कॉम्प्युटरसमोर बसायचे. त्याच्या खालच्या कोपऱ्यात तारीख-वेळ दिसायची, तिच्यावरच त्यांचा डोळा. सून एकदा म्हणाली, "काका, ते मुळातलं असतंय. तिथं हात लावला तर वरचं सगळं हलतंय."

"मुळालाच तर पाणी घालायचं असतंय, सूनबाई," साडू म्हणाले. मला हसू आलं. तेव्हाच त्यांना तिथनं उठवायला पाहिजे होतं.

एका मंगळवारी सून चहा टाकायला आत गेली आणि साडूंनी तारीख एक दिवस पुढं सारली. हेतू गंगेसारखा निर्मळ. टँकर सदा उशिरा पोचतात, मग उद्याचं पाणी आजच निघालेलं बरं. कॉम्प्युटर बिचारा सांगितलेलं ऐकणारा. त्यानं बुधवार धरला, मंगळवारच्या अकरा घरांना पाणी पोचलं असं समजून त्यांना पुढच्या आठवड्यात ढकललं. सुनेनं यादीवरची नावं बघितली, तारीख कोण बघतंय? टँकर सुटले.

दुपारच्या आत माझ्या मुलाचा टँकरवरनं फोन. "दाराला कुलूप हाय, पाणी कुठं ओतू?" तोवर इकडं ऑफिसापुढं मंगळवारच्या बाया रिकामे हंडे घेऊन हजर. पुढची कडाडली, "आमचा मंगळवार कुणी खाल्ला?"

"थांबा, मागं घेतो," म्हणत साडूंनी घाईघाईत तारीख एकाऐवजी दोन दिवस मागं घेतली. कॉम्प्युटरनं कालच्या सोमवारची यादी परत बाहेर टाकली. सुनेनं तो कागद पदराखाली दडवला, "सोमवारवाल्यांना कुणी सांगू नका," म्हणाली, आणि खुर्ची मागं ओढली, साडूंसकट. मग बायांना विचारून विचारून तिनं एका लग्नपत्रिकेच्या मागं नावं लिहिली. चार वाजेस्तोवर दहा घरं भरली.

अकरावं नाव राहिलं. कॉलनीच्या पलीकडं माळावर उतरलेला मेंढपाळ, दीडशे मेंढरं, जवळ फोन नाही. मी, मुलगा आणि साडू टँकर घेऊन गेलो तर मेंढरांचा वाडा मोकळा, नुसत्या लेंड्या. टँकर येत नाय बघून तो पाणी हुडकायला निघून गेला होता. तहानलेलं मेंढरू ओरडत नाय. दुसऱ्याच्या पोटाखाली मान घालून उभं राहतं, मग बसतं, आणि बसलेलं उठत नाय. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. साडूंनाही ठाऊक होतं.

दौलताबादच्या रस्त्याला, उन्हं कलताना कळप दिसला. मागं मेंढपाळाची म्हातारी आई, काखेत एक मलूल कोकरू. आम्ही खड्डा उकरला, ताडपत्री अंथरली, पाणी सोडलं. साडू एक टोक धरून उभे राहिले, तर मेंढरं त्यांच्या अंगावरनं पाण्यावर पडली. धोतर चिखलात गेलं, टोपी एका मेंढीच्या पायाखाली गेली.

"कुणापायी झालं रं हे?" म्हातारीनं विचारलं.

"मशीन हाय मावशी, बिघडतं कधी कधी," मी म्हणालो.

"नाय," साडू खाली बघत म्हणाले. "मशीन बरं होतं. मी चुकलो."

म्हातारीनं त्यांच्याकडं बघितलं आणि कोकरू त्यांच्या हातात दिलं. "मग धर. ह्याला आधी पाज."

ते एक वाक्य त्यांच्या तोंडनं ऐकायला मी चाळीस वर्षं थांबलो होतो. त्यावर काय बोलायचं तेही पाठ करून ठेवलं होतं. पण चिखलात उकिडवं बसून ओंजळीनं कोकराला पाणी पाजणारा तो बोडक्या डोक्याचा म्हातारा बघितला, आणि पाठ केलेलं सगळं इसरलो. त्यांच्या हातनं सुटलेलं ताडपत्रीचं टोक मी गुमान धरलं.