गावाची यकृतं आणि एदेल्मिराबाईंचं धुराडं

आमच्याकडे, अर्जेंटिनातल्या पाम्पाच्या सपाटीवर, डोकं दुखलं की यकृत बिघडलेलं असतं. मळमळलं, गरगरलं, जावई आवडला नाही, तरी यकृतच. त्यावर बोल्दोच्या पानांचा काढा प्यायचा आणि खिमा भरून तळलेल्या एम्पानादांना दोष द्यायचा. खाणं सोडायचं नाही.

एका हिवाळ्याच्या अखेरीस ही यकृतं मुख्यत्वे एदेल्मिरा इतुर्राल्दे यांच्या पार्लरात बिघडू लागली. नवरा गेल्यावर बाईंनी मागच्या खोलीत ते थाटलं होतं. हातात शॅम्पू असताना त्या न विचारता सल्ला देत, आणि मान बेसिनमध्ये अडकलेली असल्यामुळे गिऱ्हाईकाला तो ऐकावाच लागे. अशा तऱ्हेने त्यांनी गावातली निम्मी लग्नं जुळवली आणि काही मोडलीही.

थंडी मात्र त्यांना सोसत नसे. गॅस गीझरच्या खोलीत हवा यावी म्हणून भिंतीत जाळी असावी लागते. जूनमध्ये आमचा हिवाळा लागला की बाई तिच्यात जुना टॉवेल कोंबत. सगळेच कोंबतात. जाळी कायद्यासाठी, टॉवेल स्वतःसाठी.

त्या ऑगस्टमध्ये गीझरच्या धुराड्यावर ओर्नेरोच्या जोडीने घर बांधलं. हा पक्षी चिखल आणि काड्यांची, भट्टीसारखी गोल खोली बांधतो. रविवारी तो काम करत नाही अशी आमची श्रद्धा आहे आणि त्याबाबतीत आम्ही त्याचं काटेकोर अनुकरण करतो. तो ज्या घरावर बांधतो त्याचं भलं होतं. घरटं मोडणाऱ्याचं काय होतं हे माहीत नाही, कारण मोडायला कुणी धजावत नाही.

मग एके दुपारी चोलाबाई बेसिनपाशी बसल्या बसल्या पांढऱ्या पडल्या. त्यांना अंगणात नेलं, तेव्हा कुठे सावरल्या.

“काय खाल्लं होतंस?” एदेल्मिराबाईंनी विचारलं.

“सॉसेज.”

“मग यकृतच.”

बाईंचा धाकटा दीर अतिलिओ स्वयंपाकघरात राविओली खात बसला होता. तो गॅसच्या नळकामाचा परवानाधारक माणूस. तो काटा हातात घेऊनच बाहेर आला.

“वहिनी, परवा तेरेसाचं यकृत, काल तिच्या बहिणीचं, आज हिचं. घरी धड असतात आणि तुमच्याकडे येऊन बिघडतात, हे कसं?”

“म्हणजे मी काय साथ पसरवते, भावोजी?”

“तो हातातला आरसा द्या जरा.”

गिऱ्हाईकाला मागचे केस दाखवायचा आरसा होता तो. अतिलिओने दार उघडं ठेवून गीझर पेटवला आणि जिथून धुराडं सुरू होतं त्या फटीपाशी आरसा धरला. काच लगेच धुरकटली.

“वाफ आहे ती,” बाई म्हणाल्या.

“वर जायची वाफ खाली कशाला येते? आणि एकटी येत नाही. तिच्यासोबत जो वायू येतो त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपतो आणि उठत नाही. चोला आज उठली, नशीब समजा.”

त्याने गॅसची चावी बंद केली, टॉवेल उपटून काढला आणि छपरावर चढला. उतरला तो गंभीर चेहऱ्याने. “धुराडं पार बुजलंय. घरटं फोडतो, संध्याकाळपर्यंत गरम पाणी देतो.”

“फोडायचं नाही.”

“मग गीझर पेटणार नाही. मी पेटवू देणार नाही.”

“शनिवारी लग्न आहे! अख्खं वऱ्हाड माझ्याकडे डोकी धुणार आहे!”

“मग डोकी ठेवायची की घरटं, ते ठरवा.”

बाईंनी छपराकडे पाहिलं. “तुमचे भाऊ गेल्यापासून,” त्या म्हणाल्या, “या घरात आपणहून राहायला आलेली ही पहिलीच मंडळी.”

अतिलिओने कपाळावर हात मारला. “वहिनी, तुम्ही माझी वाट लावणार.”

त्याने जुना पाइप गीझरपासून सोडवला, त्याचं खालचं तोंड कायमचं बंद केलं आणि छपराला दुसरं भोक पाडलं. नवं धुराडं सरळ वर नेलं, छपराच्या आढ्याच्याही वर, आणि डोक्यावर पक्ष्याला पाय टेकता येणार नाही अशी टोपी बसवली. या सगळ्या वेळात तो ओर्नेरोला उद्देशून जे बोलला ते इथे लिहिण्याजोगं नाही. जुन्या पाइपाचा खुंट घरट्यासकट तसाच राहिला.

लग्नाच्या आदल्या दिवशी गीझर पुन्हा पेटला. निळी, शांत ज्योत. बाईंनी स्वतः आरसा धरला. काच कोरडी राहिली.

शनिवारी वऱ्हाड आलं. आदल्या रात्री त्यांनी अख्खा बोकड भाजून खाल्ला होता, तरी एकीचंही डोकं दुखलं नाही.

“बोल्दो लागू पडला,” चोलाबाई म्हणाल्या.

“ओर्नेरोची कृपा,” तेरेसा म्हणाली.

अतिलिओने आणखी राविओली वाढून घेतली.

टॉवेल तो घेऊन गेला, तो परत आला नाही. हिवाळ्यात एदेल्मिराबाई आता दोन शाली पांघरून, जाळीला शिव्या देत केस कापतात. पण पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी त्या रोज गीझर लावतात, त्याच्या माथ्याशी आरसा धरतात, आणि काच स्वच्छ निघाली की त्याच आरशात स्वतःचे केस नीट करून घेतात.