चिकटलेलं पान

आमच्या तासगावच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारे गणिताचे सर जूनमध्ये खिशात पट्टी घेऊन फिरत. नव्या पुस्तकाला कव्हर घालताना पोरं सुरुवातीची पानं डिंकानं पुठ्ठ्याला चिकटवून टाकतात. त्यातच अध्ययन निष्पत्तीचं पान असतं, म्हणजे हे पुस्तक शिकून मुलाला काय यायला हवं ते. सर पट्टी सरकवून ते पान अलगद सोडवत. मुलानं अंदाज बांधावा, कारण सांगावं, हे वाचून दाखवत आणि म्हणत, "अंदाज म्हंजे आपला अदमास रं." पुढच्या पानांवर मात्र अदमासाला जागाच नसे. प्रत्येक उदाहरणाला एकच उत्तर.

गेल्या वार्षिक परीक्षेत आठ क्विंटल द्राक्षांचा बेदाणा किती होईल, असं विचारलं होतं. बेदाणा वाळवायची शेड असलेल्या घरातल्या एका मुलीनं लिहिलं, 'द्राक्षाला गोडी किती त्यावर हाय. दोन क्विंटलच्या मागंपुढं.' नमुना उत्तरात नुसतं 'दोन क्विंटल' होतं. 'मागंपुढं'ला गुण नव्हते. सरांनी नमुना उत्तर पुन्हा एकदा पाहिलं, मग शून्य दिलं.

मुलगी विचारायला आली. "सर, अदमास तुमीच शिकवला न्हवं?"

"व्हय," सर म्हणाले.

यंदा जूनमध्ये मीच त्यांच्यापुढं पट्टी धरली. त्यांनी एका पुस्तकाचं जाड कव्हर अंगठ्यानं चाचपलं आणि पुस्तक तसंच परत ठेवलं.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले, "चांगलं चिकटलंय."