मामींचे पहारेकरी

पडदा वर जातो. नाट्यगृहाच्या मागच्या गल्लीतलं अरुंद दुकान. डावीकडे छतापर्यंत लाकडी खण, प्रत्येकाला पितळी कडी. उजवीकडे तराजू, लोखंडी खलबत्ता आणि स्टोव्हवर कायम खदखदणारी काळी किटली. मधोमध उंच स्टुलावर मामी बसल्या आहेत, मांडीवर पाटी घेऊन ज्येष्ठमधाच्या काड्या कापताहेत. आतून मुळ्या कुटल्याचा आवाज येतो. तो थांबतो, आणि भुकटीने भुरकट झालेल्या मिश्या पुसत काढेमामा प्रवेश करतात.

हा प्रवेश मी माझ्या उमेदीच्या सगळ्या वर्षांत पाहिला आणि त्याचा कधी कंटाळा आला नाही.

मामांचं हे नाव आमच्या नाटकमंडळींनीच ठेवलेलं. धंदा जडीबुटीचा, पण जीव आमच्यात. कुणाचा घसा बसला, कुणाला कणकण आली, की मामा किटली घेऊन विंगेत हजर. प्याला हातात देताना त्यांचं भाषण ठरलेलं असे. आपल्या अंगात पहारेकरी असतात. ते पेंगायला लागले की आजार आत शिरतो. काढा म्हणजे त्यांना मारलेली हाक. त्यांची गुळवेल इतकी कडू असायची की पहारेकरी सोडा, दुसऱ्या अंकात विंगेत घोरणारा आमचा खलनायकसुद्धा टक्क जागा होई. मी बहुतेक नाटकांत राण्या केल्या, म्हणून ते मला राणीसरकार म्हणत. पण मी काढ्यासमोर कां कूं केली की राणीपद खालसा व्हायचं आणि नाक दाबायचा हुकूम सुटायचा.

ही मामांची माया करायची रीत होती. होता होता ती आम्हा सगळ्यांची झाली. मंडळीतलं कुणी आजारी पडलं, की मामांच्या पुड्या उकळायच्या, थर्मास भरायचा आणि भेटायला निघायचं. रिकाम्या हाताने गेलेला माणूस आमच्यात माणूसघाणा ठरायचा.

मग मामींच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. मामांनी आपली एक देऊ केली. तपासण्या झाल्या, ती चालणार असं कळलं, तेव्हा मामा गल्लीत असे हिंडत होते जणू त्यांना नव्या नाटकात नायकाची भूमिका मिळाली आहे. शस्त्रक्रिया छान पार पडली.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. पिशव्या सांभाळायला मीही होते. बाई मोठ्या समजूतदार. मामांनी वॉर्डात ऐकवलेले पहारेकरी त्यांना इतके आवडले की त्यांनी तीच भाषा उचलली. म्हणाल्या, पहारेकऱ्यांना आपलं आणि परकं ओळखता येतं. नवी किडनी त्यांच्या लेखी परकी, दिसली की तिच्यावर धावून जाणार. म्हणून या गोळ्या. यांनी पहारेकरी गुंगीत राहतात. गोळ्या जन्मभर घ्यायच्या, वेळ चुकवायची नाही, आणि जडीबुटी अजिबात नको.

मामांनी दुकानातला एकेक खण उघडावा तसं विचारायला सुरुवात केली. गुळवेल? नको. ज्येष्ठमध? नको. हळद घालून दूध? जेवणात पडते तेवढी पुरे. बाईंनी न कंटाळता समजावलं, की काही वनस्पतींमधली द्रव्यं पहारेकऱ्यांना डिवचतात, काही या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वरखाली करतात. कुठली किती, याचा सगळा हिशोब अजून कुणालाच लागलेला नाही. तेव्हा या किडनीवर प्रयोग नको.

बाहेर आल्यावर मामा बाकावर टेकले. मग मला म्हणाले, "राणीसरकार, इतकी वर्षं डॉक्टर लोक म्हणायचे, तुमच्या काढ्यात काही दम नाही. आज पहिल्यांदा एक डॉक्टर म्हणाली, दम आहे. आणि त्याच दमात बंदी घातली."

मामी हसल्या. मामांनी मोर्चा तिकडे वळवला. "आणि काय गं, अख्खा संसार झाला आपला. तुझे पहारेकरी मला अजून परकाच समजतात?"

"ते माझ्या माहेरचे," मामी म्हणाल्या. "त्यांना तुम्ही पहिल्यापासूनच पसंत नव्हता."

घरी आल्यावर मामांनी जन्माचा पाठ उलटा गिरवायला घेतला. राहणं दुकानाच्या वरच. मामींना भुकटीचा वाराही लागू नये म्हणून ते खाली कपडे बदलत, कोपरापर्यंत हात धूत आणि मगच जिना चढत. गोळ्यांसाठी त्यांनी आमच्या मंडळीची जुनी पितळी घंटा मागून नेली. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी ती वाजे आणि मामी म्हणत, तिसरी घंटा झाली, आता प्रयोग सुरू.

सगळं सुरळीत चाललं असतं. पण मामांनी आम्हाला घडवलं होतं ना! मामी घरी आल्याची बातमी फुटली आणि थर्मास निघाले. प्रॉम्प्टर आला, थर्मास. तिकीटखिडकीवरच्या बाई आल्या, थर्मास. मामा जिन्याच्या तळाशी उभे राहून एकेक काढून घेऊ लागले. आपल्याच हातच्या पुड्यांचा काढा मोरीत ओतताना त्यांचा चेहरा बघवत नसे. रंगभूषाकाराने तर केसांच्या टोपांच्या पेटीत लपवून आणला. पेटी गरम लागली म्हणून पकडला गेला. पण आमचा म्हातारा नायक सगळ्यांना पुरून उरला. त्याने जिन्यात असं काही भाषण ठोकलं की मामांचे डोळे भरून आले, आणि कोटाच्या आतली बाटली वर पोचली.

पुढच्या तपासणीत रिपोर्ट बिघडला. थोडाच, पण बिघडला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, वेगळं काही घेतलं का? मामांनी छातीठोकपणे नाही म्हटलं. मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"चार घोट घेतले," त्या शेवटी म्हणाल्या. "गुण यावा म्हणून नाही हो. झाकण उघडलं, वास आला, आणि आपलं दुकान आठवलं. मला खाली येऊ देत नाही ना तुम्ही."

मामांनी नुसता मामींचा हात धरला आणि तपासणी संपेपर्यंत सोडला नाही. बाई म्हणाल्या, काढ्यानेच बिघडलं असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही, पण पुन्हा हे नको. गोळ्यांचं प्रमाण बदललं. पुढचा रिपोर्ट येईपर्यंत आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला.

त्या दिवसांत मामांनी आम्हाला दुकानात बोलावलं. नायक मान खाली घालून खलबत्त्याशी उभा होता. मामा त्याला रागावले नाहीत. म्हणाले, "तुम्हाला तिच्यासाठी काहीतरी आणल्याशिवाय राहवत नाही, हे मला कळतं. पण काढा हे माझं काम. तुम्हाला जे येतं ते आणा."

आम्हाला काय येत होतं? एकच गोष्ट.

नाहीतरी मामींच्या फार जवळ जायचं नव्हतं, सर्दीखोकल्याची भीती. मग खोलीचा उंबरठा आमचा रंगमंच झाला. समोर खिडकीशी मामी, आम्ही दारात. आणि मामांनी मामींच्या मांडीवर एक पाटी ठेवली, वाटाण्याच्या शेंगा सोलायला. हात चालू, नजर आमच्यावर, अगदी दुकानातल्यासारखी. प्रॉम्प्टरने जन्मात पहिल्यांदा तोंड दाखवून भूमिका केली. तिकिटाच्या बाई इतकं गोड गातात हे आम्हाला तोवर ठाऊकच नव्हतं.

रिपोर्ट चांगला आला त्या संध्याकाळी मी आणि नायकाने राजाराणीच्या निरोपाचा प्रवेश केला. नायक गुडघ्यावर बसला, बाणेदार वाक्य म्हणाला, आणि उठेना. मी राणीच्या आवाजात हात दिला, तर मीही खाली. मामी हसता हसता म्हणाल्या, अरे पुरे, टाके आठवले मला.

गोळ्यांची वेळ होत आली. मामांनी आधी आम्हा सगळ्यांना खाली नेऊन किटलीतला काढा पाजला, त्यात कुणाला सूट नव्हती. मग हात धुऊन ते आमच्यासह वर आले आणि घंटा वाजवली. मामींच्या प्याल्यात नुसतं कोमट पाणी. मामींनी गोळ्या गिळल्या. मामा त्यांच्या पोटाशी वाकले, आणि विंगेतून बोलतात तशा हलक्या आवाजात म्हणाले,

"झोपा रे बाबांनो. परकं कुणी आलेलं नाही, मीच आहे."