बिनतारीने दिलेला शब्द

आमच्या गल्लीत बातमी पोचायला कधी वेळ लागला नाही, कारण गल्लीच्या मधोमध बिनतारीचं (हे नाव गल्लीनेच ठेवलेलं) शिवणकामाचं दुकान होतं. दोन मशिनं, एक कापायचं टेबल आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली माप घ्यायची जागा. एका मशीनवर ती स्वतः, दुसऱ्यावर तिची विधवा नणंद. माप देताना बाई हात वर करून उभी राहिली की तिला पळता येत नाही, आणि बिनतारी तर ओठांत टाचण्या धरूनसुद्धा बोलू शकायची. कंबर मोजून होईपर्यंत कोणाची सून माहेरी का बसलीय ते कळायचं, बाही मोजेपर्यंत कोणाच्या जावयाची नोकरी का गेली ते. बायका नुसतं बटण लावून घ्यायला यायच्या. काही तर धडधाकट बटण घरून तोडून आणायच्या. माझेही शर्ट त्या काळात जरा जास्तच उसवायचे.

मग तिच्या घशात गाठ आली.

डॉक्टर म्हणाले, कापून काढावी लागेल, जिवाला धोका नाही, पण आवाजाची खात्री देत नाही. हे ऐकून तिचा नवरा ढसाढसा रडला. आनंदाने रडला, असं काही दुष्ट लोक म्हणाले. मी म्हणालो नाही, मी फक्त पुढे सांगितलं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलच्या खाटेवर बसून तिने देवाला शब्द दिला. नणंद शेजारी स्टुलावर होती, म्हणून तर मला माहीत. "देवा, आवाज परत दे. जो माणूस तिथे हजर नाही, त्याच्याबद्दल या आवाजाने वाईट बोलणार नाही."

नणंद म्हणाली, "वहिनी, सुरुवातीलाच एवढं मोठं कशाला कबूल केलंत? थोडं थोडं वाढवत न्यायचं होतं."

गाठ साधी निघाली. काही आठवडे बिनतारीने हातवाऱ्यांवर काढले. तेवढ्या काळात तिच्या नवऱ्याचा आवाज कसा आहे हे शेजाऱ्यांना पहिल्यांदाच कळलं. बरा होता. आणि मग एका सकाळी तिच्या तोंडून खरखरीत का होईना, पण स्पष्ट निघालं, "वन्सं, दोरा भरा." नणंदेने सुई बोटात टोचून घेतली आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. पाहता पाहता आवाज पहिल्यासारखा खणखणीत झाला.

आम्ही कान टवकारून बसलो. माणसाची जात आम्हाला ठाऊक. गरज सरो, वैद्य मरो. अडचणीत देवाला दिलेला शब्द म्हणजे निघालेल्या पाहुण्याला "राहा की आणखी दोन दिवस" म्हणण्यातला प्रकार. खरं धरायचं नसतं, हे दोघांनाही माहीत असतं.

पहिली परीक्षा मीच घेतली. "काय गं, दूधवाल्याच्या धाकट्याचं ऐकलंस का?"

"नाही, काका."

"मग ऐक तर!"

"त्याला घेऊन या. तिघं बसून बोलू."

आता ज्याचं लफडं त्यालाच शेजारी बसवून ते सांगायचं कसं? मी उसवलेला शर्ट घेऊन तसाच परत आलो.

ती बधली नाही. रोज सकाळी शटर वर करण्याआधी गळ्यावरच्या व्रणावर हात ठेवायची आणि पुटपुटायची, "आवाज तुझा आहे. आजही जपून वापरते." दिवसभर जीभ वळवळायची, दिसायचं ते. कधी कधी तर वाक्य अर्धं बाहेर यायचं आणि ती उरलेलं चहाबरोबर गिळायची. पण गिळायची.

गिऱ्हाईक मात्र गळायला लागलं. गल्लीतली बटणं एकाएकी मजबूत झाली. त्यातच रस्त्यापलीकडे एका चष्मेवालीने शिवणाचं दुकान टाकलं आणि सगळ्यांना सांगत सुटली, "तिकडे कापड टाकू नका हो, निम्मं तिच्याच गाठोड्यात जातं."

नणंद पेटली. "वहिनी, हिला कपड्याच्या कारखान्यातून का काढलं ते तुम्हाला माहीत आहे. ती रिळं गायब झाली होती ती! सांगा ना चारचौघींत. एका दिवसात शटर खाली येईल तिचं."

"ती इथे आहे?"

"वहिनी!"

"नाही ना? मग बाही लावा."

अशात शाळेच्या गणवेशांचं काम निघालं. ते मिळालं तर दुकान तरणार होतं. नाही मिळालं तर एक मशीन विकून टाकायचं आणि नणंदेने दुसरीकडे कुठेतरी कामाला जायचं, असं घरात बोलणं झालेलं होतं. शाळेच्या मोठ्या बाई स्वतः आल्या. शिवण पाहिली, कॉलर ओढून पाहिली.

"काम आवडलं मला," त्या म्हणाल्या. "पण पलीकडच्या बाईही मागतायत. त्या तुमच्याबद्दल कापडाचं काहीतरी म्हणाल्या. तुम्ही ओळखत असाल त्यांना. कशी आहे ती बाई?"

नणंदेचं मशीन थांबलं. एक वाक्य पुरेसं होतं.

बिनतारीने टेप गळ्यात अडकवली. "तिच्याबद्दल जे सांगायचं ते ती हजर असताना. चला."

आणि मोठ्या बाईंना घेऊन ती भर रस्ता ओलांडून निघाली, मागे नणंद. सगळी गल्ली गॅलरीत आली. मी तर चप्पल न घालताच खाली उतरलो.

चष्मेवाली टाके काढत बसली होती. बिनतारी दारातच उभी राहिली. "मी कापड चोरते म्हणालीस. आता म्हण."

"मी कुठे... लोक म्हणतात तेच सांगितलं."

"कोण लोक?"

चष्मेवालीने चष्मा काढला आणि पुसत बसली. नणंद मागून कोपरं मारत होती. आता तर ती हजर आहे, शब्द मोडत नाही, काढा की रिळांचं! खरंच मोकळीक होती. बिनतारीने तोंड उघडलं.

पण जन्मभर जिच्या-तिच्या गोष्टी सांगितल्या, तरी जिची गोष्ट, तिचा चेहरा तिने कधी समोर पाहिला नव्हता. काच कधीच स्वच्छ झाली होती, तरी चष्मेवालीची बोटं ती पुसतच होती. मान वर होईना. बिनतारीने तोंड मिटलं.

"आणि यांचं काम कसं आहे?" मोठ्या बाईंनी बिनतारीला विचारलं.

तिने टेबलावरचा शर्ट उचलला, उलटा केला. "शिवण सरळ आहे. काजं माझ्यापेक्षा चांगली."

काम चष्मेवालीला गेलं. जाणारच. वैरीणच काजं चांगली म्हणते, तर आणखी काय चौकशी करायची?

घरी आल्यावर नणंद भांडली. "आता माझं मशीन जाणार! एक वाक्य बोलला असतात, तर देवाचं काय अडलं असतं?"

"माझ्या आवाजावाचून तरी देवाचं काय अडलं होतं, वन्सं? तरी दिला ना?"

मशीन गेलं. नणंद मात्र गेली नाही. बिनतारीने जाऊच दिलं नाही. एक कापायची तेव्हा दुसरी शिवायची, पाळीपाळीने. गिऱ्हाईक हळूहळू वळलं, पण वेगळंच. जिला कुणाजवळ बोलता येत नव्हतं, ती माप द्यायच्या निमित्ताने यायची आणि पडदा ओढून घ्यायची. कारण तिथे पडलेला शब्द बाहेर येत नाही, हे गल्लीला पटलं होतं. सगळ्या गल्लीच्या पोटातलं तिच्या पोटात, आणि आम्हाला एक थेंब नाही!

परवा चष्मेवाली रस्ता ओलांडून आली आणि चांगला तासभर पडद्यामागे होती. जाताना डोळे लाल. मी लगोलग नणंदेला गाठलं. "काय गं बोलली?"

"काय माहीत, काका. मशीनच्या आवाजात काही ऐकूच आलं नाही."

मशीन बंद होतं. मी दारातच तर उभा होतो.